वैरागडे साहेबांचं सेवापुस्तक

सोमवारी सकाळी सात वाजता रूपराव उमाटे आमच्या फाटकाशी आले आणि बेल न वाजवता सरळ ओरडले, "मॅडम, माह्या हातून खून झाला!"

समोरच्या गॅलरीतल्या बाई दात घासत होत्या, त्या ब्रश तोंडात तसाच धरून थांबल्या. मी धावत बाहेर आले. रूपरावांनी सायकल माझ्या तुळशीच्या कुंडीला टेकवली होती, शर्टाची बटणं एक घर खाली लागली होती आणि छातीशी एक सेवापुस्तक धरलेलं होतं. ते पुस्तक दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. खून झाला असलाच तर तो कागदावर झाला होता. आधी कुंडी सोडा, मग बोला, असं मी त्यांना सुनावलं.

मी शरयू. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात बावीस वर्षं माझं टेबल रूपरावांच्या टेबलाला लागून होतं. मी टायपिस्ट, ते आस्थापना लिपिक. म्हणजे जिल्ह्यातल्या मास्तरांची सेवापुस्तकं सांभाळणारा माणूस. कोण कधी नोकरीला लागला, कुठे बदलून गेला, बढती कधी मिळाली, निवृत्त कधी झाला, हे सगळं त्या पुस्तकात नोंदवायचं आणि खाली सही करायची. आता आम्ही दोघंही निवृत्त, दोघंही वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. माझा स्वभाव तापट आहे हे तेव्हा ऑफिसला माहीत होतं, आता कॉलनीलाही कळलंय. पण रूपरावांवर फार वेळ रागावता येत नाही. आपण रागावायला लागलो की ते मध्येच एखाद्या ग्रुप कॅप्टनची जन्मतारीख सांगतात.

तेच त्यांचं वेड. समुद्रपूरजवळच्या एका खेड्यात वाढलेला हा माणूस अठराव्या वर्षी एसटीनं नागपूरला हवाई दलाच्या भरतीला गेला होता. धावण्यात पहिला आला, गणितात पास झाला, आणि डोळ्यांच्या तपासणीत लाल ठिपका आणि हिरवा ठिपका त्याला एकच दिसला. संध्याकाळच्या गाडीनं परत. दुसरा कुणी रडला असता, नाहीतर विमानाचं नाव टाकलं असतं. रूपरावांनी जिल्हा परिषदेत नोकरी धरली आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे हवाई दलात मोठ्या हुद्द्याला चढलेल्या अधिकाऱ्यांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. तोही कसा? प्रत्येक अधिकाऱ्याचं एक सेवापुस्तक! अगदी आपल्या शिक्षकांचं असतं तसं, त्याच छापील नमुन्यातलं, बसस्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून स्वतः विकत आणलेलं. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, 'ओळखीची खूण'. त्या रकान्यात हा गृहस्थ लिहिणार, 'उजव्या भुवईवर व्रण, फोटोवरून'. मग पुढे नेमणुका, बदल्या, बढत्या. अशी सहाशे अकरा पुस्तकं आहेत. वहिनी म्हणतात, आमच्या घरात सहाशे अकरा भाडेकरू आहेत आणि एकही हलायचं नाव घेत नाही.

आम्ही हसायचो, पण त्यांचा आनंद सांसर्गिक होता. एकदा त्यांनी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं पुतण्या नोकरीला लागला. विचारलं तर म्हणाले, "माहा एक एअर कमोडोर होता ना, मद्रासवाला, तो एकोणसाठ साली एअर व्हाइस मार्शल झालता. आज कागद भेटला!" तो एअर व्हाइस मार्शल मरून तोवर तीस वर्षं झाली होती. पेढे मात्र ताजे होते आणि आम्ही ते खाल्ले.

आणि त्यांचा एक कडक नियम होता. दोन स्वतंत्र कागद हातात येईपर्यंत नोंद पेन्सिलीनं. दोन्ही कागद जुळले की मगच शाई. या नियमासाठी त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांशीही वाद घातलेला मी पाहिला आहे.

तर त्या सोमवारी त्यांनी ओट्यावर बसून पुस्तक उघडलं. पुस्तक क्रमांक दोनशे चौदा. श्रीनिवास वैरागडे, जन्म १९१७, सिंदी रेल्वे. आपल्या जिल्ह्यातला माणूस! वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायचे, पोरगा सिंदीच्या शाळेत शिकला, नागपूरला कॉलेजात गेला, १९४१ साली हवाई दलात शिरला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर शत्रूच्या मुलखावरून टेहळणीची एकशे बारा उड्डाणं. १९४९ साली विंग कमांडर, उत्तरेकडच्या एका विमानतळाचा प्रमुख, वय वर्षं बत्तीस. रूपराव बोट ठेवून वाचत होते आणि मी पुढे सरकून ऐकत होते. कापूस तोलणाऱ्याचा पोरगा, वाचा वाचा! मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथे निळ्या शाईत लिहिलं होतं, '१९५२, पदावनत. स्क्वाड्रन लीडर.' म्हणजे हुद्दा एक पायरी खाली आणला.

"शाई पाहा, मॅडम," रूपराव म्हणाले. "आनि कागद किती? एकच. मी पेन काऊन उचलला असन?"

मग सगळं बाहेर आलं. १९९९ साली एका साप्ताहिकानं पंधरा ऑगस्टच्या अंकासाठी त्यांच्याकडे जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांवर लेख मागितला होता. उद्याच द्या म्हणाले. रूपरावांचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. वैरागड्यांचं १९४९ चं वर्तमानपत्राचं कात्रण हाताशी होतं, त्यात विंग कमांडर. १९५२ ची हवाई दलाची छापील यादी होती, तिच्यात स्क्वाड्रन लीडर. त्यांनी घाईत दोन्ही जोडलं, पुस्तकात शाईनं लिहिलं आणि लेखातही लिहून टाकलं की वैरागडे यांना १९५२ मध्ये पदावनत करण्यात आलं. आणि विसरून गेले.

आता सिंदीच्या त्या शाळेला शंभर वर्षं होत होती. फाटकाजवळ एक दगड बसवायचा ठरला होता, त्यावर नाव काढलेल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं. वैरागडे पहिले सुचले. तेवढ्यात समितीतल्या एका सदस्यानं ते पिवळं कात्रण काढलं. रूपराव उमाटे या अभ्यासू गृहस्थांनी लिहिलंय, ज्याचा हुद्दा काढून घेतला त्याचं नाव शाळेच्या दगडावर कसं? समितीनं वैरागड्यांच्या मुलीला विचारलं. मुलगी म्हणजे शकुंतलाबाई, वय ब्याऐंशी, सिंदीतच राहतात. त्या म्हणाल्या, नाव घालू नका. बुधवारी पाथरवट येणार होता. रविवारी संध्याकाळी हेडमास्तरांनी रूपरावांना फोन करून एवढंच विचारलं होतं, "तुमचा लेख पक्का आहे ना?"

"मंग तुमी काय म्हनले?" मी विचारलं.

"मी म्हनलं, पाहून सांगतो. पाह्यलं. पक्का नाई."

मी तेव्हा त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. नाव छापून यायच्या हौसेपायी एका बाईच्या बापाला तुम्ही खाली ओढलं, हा त्याचा सभ्य मथितार्थ. रूपराव मान खाली घालून ऐकत होते. मग मी आत गेले, हेल्मेट घेतलं आणि स्कूटी काढली. बसा मागे, म्हटलं.

वर्धा ते सिंदी मागे बसून रूपराव सबंध रस्ताभर बोलत होते. हेल्मेटमुळे मला निम्मंच ऐकू येत होतं. सेलूच्या पुढे एका ट्रकनं आम्हाला जवळजवळ रस्त्याच्या खाली घातलं, तरी त्यांचं चालूच. सहासष्ट वर्षांचा माणूस, एका हातानं माझी सीट धरलेली, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत ते पुस्तक. मला राग येत होता आणि मजाही वाटत होती. किती दिवसांनी कुठेतरी घाईनं जायचं काम निघालं होतं.

शकुंतलाबाई निवृत्त शिक्षिका. घर रेल्वे फाटकाच्या अलीकडे, अंगणात जास्वंद, दारात पायपुसणं झटकून घातलेलं. बाई ठेंगण्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. आम्ही शाळेच्या दगडाबद्दल आलोय म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि सांगून टाकलं, "मी नाई म्हनलं ना बाप्पा. दगडावर खोटं नको. अण्णाचं नाव नसलं तरी चालन."

"बाई," रूपराव उभे राहिले, "तो लेख लिवनारा उमाटे मीच."

मला वाटलं, आता बाई हाकलतात. त्यांनी आतून एक डबा आणला. त्यात तेच कात्रण, चार घड्या घातलेलं.

"तुमचा लेख आला तवा काका जित्ता होता," त्या म्हणाल्या. "आई माही लहानपनीच गेली, अण्णा गेले तवा मी बारा वर्साची. काकानंच वाढवलं मले. पन तो आयुष्यभर म्हने, तुह्या बापाची पट्टी कापली सरकारनं. मी भांडू त्याच्याशी. आनि मंग तुमचा कागद आला. त्यानं मले मोठ्यानं वाचून दाखवला. म्हने, आता तं छापून आलं. त्या दिवसापासून मी भांडनं सोडलं."

रूपराव खाली बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच राग आला, कारण सकाळी मी जे बोलले होते ते थोडंच होतं असं आता वाटायला लागलं.

मग शकुंतलाबाईंनी दोन फोटो काढले. एक १९४९ चा. खांद्यावर तीन जाड पट्ट्या, चेहरा एवढा तरणा की गणवेश कुणाचा तरी मागून घातल्यासारखा वाटावा. दुसरा १९५३ चा, खांद्यावर दोन जाड पट्ट्या आणि मध्ये एक बारीक. म्हणजे स्क्वाड्रन लीडर.

"काका बोटानं मोजून दाखवे," बाई म्हणाल्या. "तीनाचे अडीच झाले म्हने. त्रेपन्न साली अण्णा सुट्टीवर आलते. चार लोकायसमोर काकानं इचारलं, पट्टी कुठं गेली रे? अण्णा हसले. म्हनले, ती पट्टी खुर्चीची होती, माही नाई. काका म्हने, खुर्चीले काय खांदे असते? सगळे हासले."

रूपराव ताडकन उभे राहिले. पाण्याचा गिलास आडवा झाला.

"काय म्हनले? पुन्हा सांगा! खुर्चीची?"

"खुर्चीची म्हनले."

"बावन साली ते कुठं होते? काही कागद हाये का? काहीबी! बिल, पावती, चिठ्ठी!"

बाईंनी डबा उलटा केला. लग्नाच्या पत्रिका, शाळेचे दाखले, एक पोस्टकार्ड, आणि एक घडी मोडलेला छोटा कागद. लष्करी इस्पितळाची चिठ्ठी. दाखल, डिसेंबर १९५१. सुट्टी, फेब्रुवारी १९५३. छातीचा विकार.

"चौदा महिने!" रूपराव असे ओरडले की फाटकावरचा गेटमन वळून बघायला लागला. "मॅडम, चौदा महिने मानूस खाटेवर होता! प्रभारी होता तो, प्रभारी! मी गाढव, मी सेवापुस्तकं लिवनारा गाढव!"

मला अर्धवट कळलं. शकुंतलाबाईंना काहीच कळलं नाही. रूपराव त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"बाई, तुमी शिक्षिका होत्या ना? तुमच्या शाळेत कोनी प्रभारी मुख्याध्यापक होतं का कदी?"

"मीच होती. तीन वर्स."

"मंग कायम मुख्याध्यापक आले तवा?"

"मंग मी परत वर्गावर गेली. तिसरी ब."

"तुमाले कोनी म्हनलं का, बाईले सरकारनं खाली उतरवलं म्हनून?"

बाईंचा हात हळूहळू त्या जुन्या फोटोवर गेला.

रूपरावांनी मग नीट समजावलं. त्या काळी इंग्रज अधिकारी निघून गेले, खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि आपल्या तरण्या पोरांना दोन दोन पायऱ्या वरच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीत असेपर्यंत त्या खुर्चीचा हुद्दा आणि पट्ट्या. आजारी पडून खुर्ची सोडली की पट्ट्या खुर्चीकडे परत. मूळचा, कायमचा हुद्दा होता तोच राहिला, तो कुणी काढला नाही. वर्तमानपत्रात खुर्चीचा हुद्दा छापलेला, यादीत कायमचा. रूपरावांनी दोघांची तुलना केली आणि त्याला शिक्षा म्हटलं. चौतीस वर्षं प्रभारी आणि कायम यातला फरक सांगत आलेल्या माणसाची ही चूक!

शकुंतलाबाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. "हे तुमचं अनुमान हाये," त्या म्हणाल्या. "पह्यलेबी तुमचं अनुमानच होतं. मले छापील कागद आना. नाई आना तं नाव नाई."

मला बाई तिथल्या तिथे आवडून गेल्या.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं आम्ही नागपूरला. तिथल्या एका जुन्या सरकारी ग्रंथालयात भारत सरकारच्या राजपत्रांचे बांधलेले खंड आहेत. अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि बढत्या त्यात छापून येत. ग्रंथालयाचे शिपाई नागसेन यांची आणि रूपरावांची वीस वर्षांची ओळख. "उमाटे साहेब, आज कोन साहेब पाह्यजे?" असं त्यांनी विचारलं, जसं काही साहेब आत झोपलेत आणि त्यांना उठवायचंय.

१९५२ चा खंड उचलायला दोघं लागले. पानं हात लावला की कडेनं मोडत होती, म्हणून नागसेननी आम्हाला पातळ फूटपट्टी दिली, पान उलटायला. बारीक इंग्रजी अक्षरं, नावांच्या रांगाच्या रांगा. डावीकडची पानं मी, उजवीकडची रूपराव. जानेवारी संपला. फेब्रुवारी संपला. माझी मान दुखायला लागली, चहा हवासा झाला, रूपरावांना बोलायची सोय नव्हती. आणि मार्चच्या एका पानावर माझ्याच बोटाखाली वैरागडे आले!

विंग कमांडर (प्रभारी) श्रीनिवास वैरागडे, दीर्घ आजारामुळे कार्यभार सोडल्याने प्रभारी हुद्दा सोडत आहेत. बस्स. एका ओळीत सगळं. शिक्षा नाही, चौकशी नाही. मी रूपरावांचा दंड एवढा जोरात दाबला की ते कळवळले. मग त्यांनी वाचलं आणि दोन्ही हात वर केले, जसं काही त्यांची चूक पकडली गेली नसून पहिला नंबर आलाय. पलीकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं शू शू करायला लागली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ती परत पुस्तकात गेली.

मला वाटलं, झालं. मी पर्स उचलली. रूपराव म्हणाले, "पंचावन्नचा खंड काढा, नागसेनभाऊ."

"आता कशाले?" मी विचारलं.

"मानूस फेब्रुवारी पंचावन्नमंधी गेला. पुस्तक बंद करायच्या आधी पुढचे तीन महिने पाहा लागते, मॅडम. आपल्याच ऑफिसात पाह्यलं नाई का, मास्तर निवृत्त होऊन जाते आनि वेतनश्रेणीचा आदेश मागून निघते."

तीन वाजले होते. मी कुरकुरत बसले. जानेवारी कोरा. फेब्रुवारी कोरा. आणि पाच मार्च १९५५ च्या अंकात रूपरावांची फूटपट्टी थांबली. ते काही ओरडले नाहीत. त्यांनी खंड माझ्याकडे सरकवला, फक्त.

खालील अधिकाऱ्यांना १ जानेवारी १९५५ पासून विंग कमांडर या कायम हुद्द्यावर बढती देण्यात येत आहे. सात नावं होती, तिसरं श्रीनिवास वैरागडे. प्रभारी नव्हे, कायम. आता ती पट्टी खुर्चीची नव्हती, त्यांची स्वतःची होती.

या वेळी ओरडले मी. आख्खं ग्रंथालय उभं राहिलं. ग्रंथपालबाई धावत आल्या, आणि त्यांना रागवायला तोंड उघडू न देता मी सगळी कथा सांगून टाकली, कापूस तोलणाऱ्यापासून. शू शू करणारी मुलंच टेबलाभोवती गोळा झाली. जुन्या खंडांची झेरॉक्स काढू देत नाहीत, म्हणून रूपरावांनी दोन्ही ओळी सांगितल्या आणि मी वळणदार अक्षरात उतरवून घेतल्या. ग्रंथपालबाईंनी मूळ छापील पानाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, 'खरी प्रत' असं लिहून सही केली आणि गोल शिक्का मारला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून रूपरावांनी दुसरा मारायला लावला.

बुधवारी दहाला आम्ही सिंदीच्या शाळेत. फाटकाजवळ काळा दगड उभा, सात नावं खडूनं आखलेली, सगळ्यात वर एक ओळ रिकामी. पाथरवट तानबा छिन्नीला धार लावत बसला होता. हेडमास्तर, समितीची माणसं, आणि खुर्चीवर शकुंतलाबाई. मांडीवर तो १९४९ चा फोटो.

रूपरावांनी आधी आपला गुन्हा आपणच वाचला. १९९९ चा माझा लेख चुकीचा होता, माझ्याकडे पुरावा नव्हता, घाई माझी, चूक माझी, असं त्यांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं. कात्रण आणणारे सदस्य काहीतरी बोलणार होते, पण माझ्याकडे पाहून थांबले. मग रूपरावांनी दोन्ही कागद शकुंतलाबाईंच्या हातात दिले.

बाईंनी मुलांना शिकवावं तसं एकेका शब्दाखाली बोट ठेवून इंग्रजी वाचलं. पहिला कागद वाचून झाला तेव्हा त्यांनी तो फोटोखाली ठेवला. दुसऱ्या कागदावर त्या फार वेळ थांबल्या. तानबानं धार लावायचं सोडून दिलं.

"एक जानेवारी," त्या म्हणाल्या. "अण्णा एकोणीस फेब्रुवारीले गेले. याच गावात, आमच्याच घरी, रजेवर होते. म्हंजे जाताना ते विंग कमांडर होते?"

"कायम विंग कमांडर," रूपराव म्हणाले.

"त्यायले माहीत होतं का हो?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा रूपराव. एक शब्द. कुणाचं काय जातंय? ब्याऐंशी वर्षांची बाई आहे, म्हणा. पण रूपरावांच्या हातात कागद होता आणि त्या कागदावर पाच मार्च लिहिलेलं होतं.

"नाई," ते म्हणाले. "राजपत्र ते गेल्यावर दोन आठवड्यांनं छापलं. त्यायले माहीत नव्हतं, बाई."

शकुंतलाबाईंनी मान हलवली. काठी घेतली, उठल्या, दगडापर्यंत एकट्या चालत गेल्या. वरच्या रिकाम्या ओळीवर हात ठेवून त्यांनी तानबाला हुद्द्यासकट नाव सांगितलं, हळू, अक्षर तोडून तोडून. तानबानं खडूनं लिहून घेतलं आणि छिन्नी टेकवली. पहिला ठोका पडला तेव्हा बाईंनी हातातला फोटो वळवून तोंड दगडाकडे केलं, त्याच्या कानाशी वाकल्या, आणि वर्गात हाक मारावी तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अण्णा, तुमची ऑर्डर आली."